आबांना ऐकू आलं तर

मारतहळ्ळीच्या आमच्या गल्लीतला मोबाइलवाला फोन विकतो, पण निपाणीला वडिलांना विचारून.

मला कुठलंही सिम चालणारा, स्वस्तातला फोन हवा होता. त्याने दोन काढले आणि आधी खोडी सांगितल्या. "याचा कॅमेरा झकास, अक्का, पण बॅटरी संध्याकाळी मान टाकते. तो दोन दिवस चालतो, पण फोटो स्वल्प फिके."

मला कॅमेरावाला आवडला. त्यात माझं सिम घालून त्याने, दर गिऱ्हाइकासमोर लावतो तसा, घरी फोन लावला. आबांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, कमी ऐकू येतं.

"आबा, इथं ऊन लई हाय. ऐकू आलं काय?"

"आलं, आलं."

"मग काय म्हटलो मी?"

"हो, हो," आबा म्हणाले. फोन परत खोक्यात गेला. माझं सिम दुसऱ्यात घालून त्याने पुन्हा तेच विचारलं, तेव्हा आबा म्हणाले, "ऊन हाय म्हटलास."

"हा घ्या," तो म्हणाला. "आबा नुसतं हो म्हणतात, म्हणून उलटतपासणी."

मी तोच घेतला.

आठवड्याने त्याच फोनवर आबा. "बाई, परवा तुमच्याच नंबरवरनं पोरगं बोललं न्हवं? ते दुपारचं जेवतंय काय, जरा बघून सांगा. त्याला विचारलं की नुसतं हो म्हणतंय."