नाव पुकारलं, ती उठली नाही

अजूनही कुठं लाउडस्पीकरवर एखाद्या बाईचं नाव पुकारलं, की माझी नजर आधी गर्दीकडे जाते. कोण उठतंय ते बघायला. ही सवय एका केसनं लावली, तीच सांगतो.

तेव्हा मी अकोल्यात पोलीस निरीक्षक होतो. नापिकीची वर्षं. रोज सकाळी ठाण्यात आकस्मिक मृत्यूचे कागद, पंचनामे, पोस्टमॉर्टेमची धावपळ. अशाच एका सकाळी दर्यापूरकडची एक म्हातारी येऊन बाकावर बसली. जावई इथल्याच केंद्र सरकारी ऑफिसात. एलटीसी, म्हणजे ऑफिसकडून मिळणारा प्रवासखर्च, घेऊन नवरा-बायको विमानानं काशीला निघाले होते, परतला तो एकटाच. बायको घाटावरच्या गर्दीत हरवली म्हणे. तिथल्या पोलिसांत तक्रारही दिलेली.

"आजी, केस तिकडची आहे. आमी काय करावं?" हवालदार म्हणाला.

"पोरगी तिकडं गेलीच नाही, बाबू. विमानात बसायच्या आधी फोन करतो म्हणे मले. नाही केला तिनं."

एवढ्यावर गुन्हा दाखल होत नाही. तरी जावयाला चौकशीला बोलावलं. ऑफिसात प्रवासाची बिलं तपासायचं टेबल त्याच्याकडेच होतं. त्यानं शांतपणे दोन बोर्डिंग पास माझ्यासमोर ठेवले.

"साहेब, बोर्डिंग पास आहे म्हणजे प्रवास झाला. नियमच आहे. याच्यावरच आमी लोकाईची बिलं पास करतो."

विमान कंपनीनंही कळवलं, त्या नावाची प्रवासी चढली होती. झालं, विषय संपला असं मलाही वाटलं.

मग त्याच्याच ऑफिसातला एक जण आपणहून ठाण्यात आला. हाही कुटुंब घेऊन त्याच विमानात होता. चहा मागवला, तर कप नुसता हातात धरून बसला.

"साहेब, एक गोष्ट डोक्यातून जाऊन नाही राहिली. नागपूरले विमानतळावर बसलो होतो. लाउडस्पीकरवर वहिनीचं नाव पुकारलं. बॅगेत सुकं खोबरं निघालं होतं, ते विमानात चालत नाही. नाव पुन्हा पुन्हा घेऊन राहिले अन् वहिनी समोरच बसून, तोंडावर पदर. मान बी नाही वळवली. मी हसून म्हटलं, वहिनी, तुमालेच बोलावून राहिले. तवा यानं तिचा हात दाबला. मंग उठली."

"वहिनीला आधी कधी पाहिलं होतं?"

"नाही ना. मी नवीनच बदलून आलो होतो."

म्हातारीला विचारलं, खोबरं कोणी दिलं?

"म्याच. गंगेच्या ओटीले. माह्यासमोर तिनं बॅगेत तळाशी ठेवलं."

म्हणजे बॅग तिनंच भरलेली. आणि काशीला फक्त बॅगच गेली होती.

त्याला पुन्हा बोलावलं. आवाजही चढवला नाही. एकच विचारलं, नाव पुकारलं तेव्हा ती काहून उठली नाही?

मग तो बोलला, बिलाबद्दल बोलावं तसा.

"तिकिटावरचं नाव बदलता येत नाही, साहेब. रद्द केलं तर कापलेली फी ऑफिस देत नाही. बरं, कारण लिहून द्या लागते." माझ्याकडे पाहिलं. "कारण काय लिहू?"

निघायच्या आदल्या दिवशी भांडण झालं, त्यानं ढकललं, ओट्याचा कोपरा डोक्यात लागला. बार्शीटाकळीच्या एका ओळखीच्या बाईला त्यानं सांगितलं, बायको आजारी आहे, तिकीट वाया जाते, तू चल. बायकोचीच साडी नेसवली, ओळखपत्रही तिचंच दिलं. बनारसहून तिला रेल्वेनं परत पाठवलं. त्या बाईचाही जबाब घेतला. "आजारी बाईच्या नावावर जाऊन राहिलो, एवढंच वाटलं मले," म्हणाली.

खारपाणपट्ट्यात त्याच्या शेतात एक विहीर होती, ती त्यानंच दाखवली. पाणी खारट, कोणी बादली टाकत नसे. गळ सोडायच्या आधी म्हातारी काठावर वाकली आणि लेकीला नाव घेऊन हाक मारली. आतून तेच नाव परत आलं.

"हाय ती," म्हातारी म्हणाली. "काढा."

त्याला सगळे नियम पाठ होते. बायकोनं बॅगेत काय भरलं, ते मात्र त्यानं उघडून पाहिलं नाही. कागद बरोबर असला तरी माणूस हाकेला ओ देतो का, ते वेगळं तपासावं लागतं, हे मी तिथं शिकलो.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं पहिल्यांदा विमानानं निघालो. आमच्याकडे बायकोला नावानं हाक मारत नाहीत. मी विमानतळावर मारली.

ती लगेच वळली. "काहून हो?"

"काही नाही," म्हटलं. "बस."