चौमूंतल्या घरी दुसऱ्यांदा

संध्याकाळी भाजी निवडत होते, तेव्हा आमच्या संस्थेतल्या कमलाजींचा फोन आला. "दीदी, ताईजी नहीं रहीं..." त्याला आता दीड महिना झाला. जयपूरच्या खातीपुरा भागातल्या घरी कुसुमताई दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत.

ताई मूळच्या सोलापूरच्या. यजमानांची विमा कंपनीतली बदली त्यांना जयपूरला घेऊन आली आणि त्या इथल्याच झाल्या. अडचणीतल्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत त्या केसवर्कर होत्या. मी तिथे रुजू झाले ती तेविसाव्या वर्षी. वडील सैन्यात, शाळा सगळ्या हिंदी-इंग्रजी. 'मतलब' आल्याशिवाय माझं मराठी वाक्य पुरं होत नसे. ताई हसायच्या, पण कधी दुरुस्त करायच्या नाहीत.

पहिलीच केस जयपूरजवळच्या चौमूं गावातली. संतरा नावाची विधवा आठ वर्षांच्या मुलीला, पिंकीला, घरात कोंडून कामावर जाते, अशी कुणीतरी तक्रार केली होती. पिंकीला बालगृहात ठेवलं होतं. तिला आईकडे परत द्यायचं की नाही, हे बालकल्याण समिती माझा अहवाल पाहून ठरवणार होती. मी गेले, दारात उभ्याउभ्या प्रश्न विचारले, कडीला लटकलेलं भलंमोठं कुलूप पाहिलं आणि लिहून टाकलं : आई निष्काळजी आहे.

ताईंनी कागद वाचला. "तिच्या घरात बसलीस?"

"नाही... मतलब, वेळ नव्हता."

"मग उद्या दोघी बसून येऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो, तेव्हा संतरा मटार सोलत होती. ताईंनी फतकल मारली, टोपली पुढे ओढली आणि त्याही सोलायला लागल्या. तासभर थंडीच्या, भाजीच्या, सोलापूरच्या गप्पा... कुलपाचं नाव नाही. मी नुसती चुळबुळत होते. शेवटी संतराच बोलली. "ताला तो छोरी ही लगवाती थी, जीजी." दीर दारू पिऊन यायचा, पोरीच्या अंगावर धावून जायचा. बाहेर कुलूप दिसलं की घरात कुणी नाही असं समजून परत फिरायचा. घर त्याचंच, म्हणून संतरानं कुणापुढे तोंड उघडलं नव्हतं. दुसरी किल्ली शेजारच्या आजीकडे असायची. संतरानं हाक मारली, आजीनं येऊन ती कनवटीतून काढून दाखवली, तेव्हा मला संतराकडे बघवेना.

परतताना बसमध्ये मी म्हटलं, "ताई, अहवाल तुम्हीच लिहा ना."

"तूच लिहायचा. आणि पहिल्याच ओळीत लिही, की आधीचा चुकला होता."

"माझी नोकरी जाईल हो..."

"जाऊ दे. मुलगी जायला नको."

मी लिहिलं. समितीपुढे मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. दिराविरुद्ध तक्रार दाखल झाली, शेजारच्या आजीनं आपली मागची खोली मायलेकींना दिली आणि महिन्याभरात पिंकी आईजवळ आली. नोकरी काही गेली नाही. तिथेच आता माझी चौदा वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात संस्थेतल्या ताईंच्या खोलीत शोकसभा झाली. ताईंचं टेबल कायम भिंतीला लावलेलं असे. येणाऱ्या माणसाच्या आणि आपल्या मध्ये लाकूड कशाला, म्हणायच्या. फोटो ठेवायला कुणीतरी ते मधोमध ओढलं होतं. सगळे पांगल्यावर पाहिलं, तर चाकसू गावाहून मदत मागायला आलेली एक बाई टेबलापलीकडच्या मला बघून दारातच थबकली होती. आत यावं की नाही, तिला कळत नव्हतं. कमलाजींनी फोटो उचलून घेतला. आम्ही दोघींनी टेबल दोन बाजूंनी धरलं आणि होतं तसं भिंतीला सरकवलं. मग मी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि त्या बाईला हाक मारली.