तिच्या नावावर धुतलेले हात

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बोलणार तरी कुणापाशी? ज्यांना कळायला हवं होतं ते माझे वडील गेले. आणि जिला सगळं आधीपासून ठाऊक होतं — तिच्याबद्दलच तर सांगायचं आहे.

आम्ही पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेली मराठी माणसं; कुंभकोणमला इंग्रजांच्या मुन्सफ कचेरीत मी नकलनवीस होतो. अक्षर सुरेख, वागणं शिस्तीचं. घरी आलो की विहिरीवर हात धुवायचे — एकवीस वेळा. मध्येच कुणी हाक मारली, की पुन्हा पहिल्यापासून. कशासाठी? हात स्वच्छ आहेत हे मला दिसत होतं हो. पण न धुता आत गेलो तर आई मरेल, असं मनात येई. शिकलेला माणूस मी, आणि हे असलं! लाज वाटे. गल्लीतले लोक मात्र म्हणत, काय कडक सोवळं आहे! मी मान खाली घालून ऐकून घेई. आवडायचं मला ते.

हे सोवळं नव्हे, भीती आहे — एवढं फक्त अंबुजेला, माझ्या बायकोला, कळलं. तिनं कधी विचारलं नाही. मी विहिरीवर असलो की ती मागच्या दारात उभी राही आणि कुणाला येऊ देत नसे, माझी मोजणी मोडू नये म्हणून. माझ्यासाठी पाणी शेंदून शेंदून तिच्या तळहातांना घट्टे पडले. आणि मला तिचा रागच यायचा. का? तिनं मला ओळखलं होतं म्हणून.

त्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. वडिलांनी ओसरीवर बसून मला विचारलं, "अस्क पाणी कोठ जातें रे?"

सगळं पाणी माझ्याच हातांवर जातं, हे खरं सांगता आलं असतं. पण मी — पुरे आता आडवळण — मी म्हणालो, अंबुजा भाताचा हात न धुता सगळीकडे लावते. तिला खरकटं कळत नाही. तिच्यामागून मला धूत बसावं लागतं.

आमच्या लोकांत एवढं म्हटलं की पुढे बोलणंच उरत नाही. जिच्या हाताला खरकट्याचा संशय, तिचा स्वयंपाक श्राद्धाला चालत नाही; पितर उपाशी जातात. असली सून ठेवायची कशाला? वडिलांनी तिला बोलावून विचारलं. दाराआडून तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "मज काय सांगाचं नाही," म्हणाली. मी सुटलो. नंतर हसूसुद्धा आलं — किती सोपं होतं!

तिरुविसनल्लूरहून तिचा भाऊ गाडी घेऊन आला. सकाळी निघून दुपारच्या आत परत येता येईल, एवढं जवळचं गाव. मी पुढं कधी गेलो नाही, पत्र धाडलं नाही. वर्षाच्या आत दुसरी बायको केली. अंबुजेला माहेरीही चुलीजवळ येऊ देत नाहीत, हे कानावर आलं होतं. एका शब्दाचं काम होतं. मी गप्प बसलो.

पण सांगायचं आहे ते त्या निघण्याच्या दिवसाचं. ती रीतीप्रमाणे माझ्या पाया पडली. बोटं पायांना लागली, एवढंच. गाडी गल्लीच्या टोकालाही पोचली नव्हती, आणि मी दारातल्या घागरीशी पाय धूत होतो. चौदा — पंधरा — मान वर केली, तर ती गाडीतून मागं वळून बघत होती.

मी तिच्या डोळ्यांत डोळे घालून सोळावा तांब्या ओतला.