जास्वंदीवरचा कॅमेरा

लोकांच्या घरावर कॅमेरे लावणं हे माझं काम. नसरापुरातल्या एका दुकानात आहे, पण दुकानात बसणं कमीच. शिडी टेम्पोत टाकायची आणि आज भोर, उद्या वेल्हे, परवा एखादी डोंगरातली वस्ती, जिथं गिऱ्हाइकाच्या आधी कुत्री भेटायला येतात. माझं गाव हिंगोलीकडचं. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. इकडं आलो तेव्हा पेचकस कसा धरायचा इथपासून सगळं मालकांनी शिकवलं. मला मात्र एक खोड आहे. समजलं नाही तरी विचारत नाही. विचारलं तर लोक म्हणतील, शिकलेला नाही, याला काय कळतंय. त्या खोडीनं एकदा मला चांगलंच आपटलं.

मी राहतो वरवे बुद्रुकला, एका काकूंच्या खोलीत. खोली मिळाली ती शेजारच्या तात्यांमुळं. तात्या म्हणजे पांढरा सदरा, पांढरा लेंगा, पांढरी टोपी; शेतात निघाले तरी तेच. स्टॉपवर माझ्याशी अर्धा तास बोलले असतील, तेवढ्या ओळखीवर काकूंना म्हणाले, "द्या की खोली. काय झालं तर मला इचारा, मी हाय." एवढं माझ्यासाठी परक्या मुलखात कुणी बोललं नव्हतं.

काकूंचं एक दुःख होतं. कुंपणाला जास्वंद, कण्हेर, मोगरा. पण सकाळी देवाला वाहायला फूल म्हणून नाही. तांबडं फुटायच्या आत कुणीतरी सगळी तोडून न्यायचं. फुलं चोरून देवपूजा करणं इथं कुणी फार मोठं पाप समजत नाही, पण काकू समजायच्या. "निदान चार तरी ठिवावीत की मेल्यानं," म्हणायच्या. गिऱ्हाइकाकडून काढून आणलेला एक जुना कॅमेरा दुकानात पडून होता. मालकांना विचारून तो मी कुंपणाच्या कोपऱ्यावर बसवला. फुकट. मला वाटलं, उपकार थोडे फिटतील.

दुसऱ्याच दिवशी चोर सापडला. काळ्या-पांढऱ्या चित्रात पाठमोरा माणूस, अंगात पांढरं, डोक्याला पांढरं. सकाळची वेळ, दुधाचे कॅन घेऊन डेअरीला निघालेले चार-पाच जण अंगणात थांबलेले. सगळे माझ्या मोबाईलवर वाकले. काकू म्हणाल्या, "दिसतंय का कोण हाय?"

मी जाणकारासारखा बोललो, "तोंड नाही दिसत. पण पांढरा सदरा आहे, टोपी आहे."

 एक जण नुसता हसला आणि तात्यांच्या घराकडं बघून म्हणाला, "बरोबर. देवभक्त माणूस हाय." मग सगळेच हसले. मी पण हसलो. ते हसणं मला अजून टोचतं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. डेअरीवर कुणी तात्यांना म्हणालं, "तात्या, आज कंची फुलं वाहिली?" तात्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कॅन उचलून घरी गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून दूध घालायला नातीला पाठवायला लागले. काकूंच्या ओट्यावर येणं बंद. रस्त्यात मला बघितलं की मान खाली. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

नंतर एकदा वेल्ह्याला काम होतं म्हणून मी पहाटेची गाडी धरली. दुपारी जेवताना सहज त्या पहाटेचं रेकॉर्डिंग बघितलं. कुंपणाजवळून एक माणूस चालला होता, अंगात पांढरा शर्ट. चाल माझी, पाठीवरची बॅग माझी. आणि अंगात तर मी दुकानाचा काळा टी-शर्ट घातला होता! तोच अजून अंगावर होता. मी छातीकडं बघितलं, मोबाईलकडं बघितलं. डबा तसाच बाजूला ठेवला.

मालकांना फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा सरळ विचारलं, "काळं कापड पांढरं कसं दिसतं?"

"अरे, अंधारात कॅमेरा आपला स्वतःचा उजेड टाकतो. आपल्या डोळ्याला तो दिसत न्हाई. त्या उजेडात रंगाला किंमत नसती. काळं नायलॉन बी पांढरं दिसतं. तुला ठावं न्हाई?"

"नाही."

"मग आधी का न्हाई इचारलंस, येड्या?"

त्यांनी रात्री रंगीत दाखवणारा कॅमेरा दिला. "दिवाळीपर्यंत ठेव, मग परत आण," म्हणाले. वाटलं, झालं काम. कसलं काय! पहिल्या रात्री कॅमेऱ्यातलाच दिवा चालू ठेवला, तर सगळी चिलटं-पाखरं काचेवर. चित्रात नुसत्या पांढऱ्या रेघा. दिवा बंद केला आणि वळचणीला एक बल्ब लावला, तर तो थेट भिंगात चमकायला लागला. मग बल्ब चार हात बाजूला सरकवून खाली तोंड केलं, म्हणजे उजेड कुंपणावर पडावा, काचेत नको. चुन्याची भिंत भगभगत होती, ती कॅमेरा जरा वळवून चित्रातून काढली. तरी चालणारं माणूस धुरासारखं फरफटायचं, कारण उजेड कमी म्हणून कॅमेरा डोळा जास्त वेळ उघडा ठेवायचा. सेटिंगमध्ये जाऊन ते कमी केलं. चित्र थोडं काळवंडलं, पण माणूस माणसासारखा दिसायला लागला. काकू खालून शिडी धरून म्हणायच्या, "पुरं की आता! फुलंच हायती, सोनं न्हवं." मी म्हणालो, "फुलांसाठी नाही, काकू." त्यांनी शिडी परत घट्ट धरली.

तिसऱ्या सकाळी रंगीत दिसलं. जांभळा नायलॉनचा गाऊन, डोक्याला गडद निळा रुमाल घट्ट बांधलेला, हातात परडी. काकूंची धाकटी जाऊ. घराच्या मागच्या भागातच राहणारी.

काकूंनी तिला हाक मारली. ती जराही लाजली नाही. "तुमीच दिवा लावला न्हवं? मला वाटलं माझ्यासाठीच लावलाय. आता कळ्या सोडून फुलंच तोडता येत्यात."

"आणि पुण्य?"

"झाड तुमचं, पुण्य तुमचं. मी आपली हमाल."

काकूंना हसू आवरेना. मला मात्र हसू आलं नाही. मोबाईल घेऊन तसाच तात्यांच्या दारात गेलो. ते गोठ्यात शेण भरत होते. म्हणालो, "तात्या, हे बघा, तुम्ही नव्हता."

त्यांनी मान वर केली नाही. "मला कशाला दावतोस? मी नव्हतो हे मला म्हाईत हाय."

मी उभाच. मग हळूच म्हणालो, "पांढरा सदरा मीच म्हणालो होतो."

"ते बी म्हाईत हाय." पाटी उचलून त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. "जितं लोकं मला हसली, तितं जाऊन बोल. हितं कुजबुजू नगंस."

मला चार माणसांत बोलायचं म्हटलं की नको होतं. शाळेत धडा वाचायला उभं केलं तरी घाम फुटायचा. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचा काळा टी-शर्ट घालून डेअरीवर गेलो. रांग लागली होती. मी बोललो, पण कॅनच्या आवाजात कुणाला ऐकूच गेलं नाही. पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं: "कॅमेऱ्यात काळं पण पांढरं दिसतं. मला माहीत नव्हतं. तात्यांचं नाव माझ्यामुळं गेलं. चूक माझी आहे."

कोण होतं मग, असं दोघं-तिघं ओरडले. ते मी सांगितलं नाही. अंगणात पहिल्यांदा हसलेला तो म्हणाला, "आरं, मग तुझा शर्ट तरी खरा काळा हाय का?" लोक हसले. हसू दे म्हटलं.

मागून कुणीतरी खांद्याला कॅन टेकवला. तात्या होते. स्वतः दूध घेऊन आले होते, नात सोबत नव्हती.

"झालं का बोलून? मग पुढं सरक. लाईन अडवलीस."

मी पुढं सरकलो. माझ्या हातात कॅनही नव्हता.