प्रश्न पूर्ण होऊ द्या

"सांगू का?"

कोणताही प्रश्न विचारा, उत्तराआधी ती हे विचारायचीच. उत्तर तिला ठाऊक असायचं, पण समोरच्याने मान हलवल्याशिवाय तोंड उघडायची नाही. मी वैतागून म्हणायचो, "अगं बाई, सांग! मुहूर्त काढायचाय का?" मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती अचूक उत्तर द्यायची.

भाटघर धरणाच्या वर डोंगरात तिची वाडी. घरी शेरडं-मेंढरं. तासभर उतरून ती आमच्या हायस्कूलला यायची. भेळेचा कागदही वाचल्याशिवाय न टाकणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. ही त्यांतली. शिक्षकखोलीतला वर्तमानपत्रांचा गठ्ठा तिच्या हाताखालून गेल्याशिवाय रद्दीत जात नसे. दहावीत तिला प्रश्नमंजुषेच्या संघाची नायक केलं. सोबत दोन मुलगे.

तालुक्याची फेरी लेखी होती. आम्ही पहिले आलो आणि शाळेत पेढे वाटले गेले. जिल्ह्याची फेरी मात्र बझरची होती. प्रश्न चालू असतानाच जो संघ आधी दाबेल, त्याने उत्तर द्यायचं.

त्याच आठवड्यात तिचा आजा शाळेत आला. बाप लहानपणीच गेलेला, घरात शब्द आज्याचा. फेटा सावरत तो हेडमास्तरांना म्हणाला, "जिल्ह्याला पयली आली तर भोरला कालेजात घालतो. न्हाई आली तर शेरडं हायतीच." हेडमास्तर हसले. मला काही हसू आलं नाही. म्हातारा एकदा बोलला की ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही, हे मी ऐकून होतो.

बझर आमच्याकडे कुठला? पोषण आहाराचं ताट पालथं घातलं आणि तिच्या हातात चमचा दिला. मी प्रश्न वाचायचो. मुलगे तिला कोपराने ढोसायचे, आणि ही प्रश्न संपेपर्यंत चमचा धरून बसायची.

"मधेच वाजव की!"

"मोठं मानूस बोलतंय तवर मधी कसं बोलायचं, सर?"

"मीच सांगतोय ना, बोल!"

ती खाली बघत म्हणाली, "पाचवीत म्या असंच मधी बोलले व्हते. तवा तुमीच भाईर उभं केलंत."

मला आठवत नव्हतं. पण ती खोटं बोलणारी पोर नव्हती. पाच वर्षं घोटून घेतलेली शिस्त मी पंधरा दिवसांत पुसायला निघालो होतो. हळूहळू माझ्या प्रश्नांना तरी ती ताट वाजवू लागली. मला वाटलं, जमलं.

पुण्याच्या त्या सभागृहात प्रश्न विचारायला एक निवृत्त मुख्याध्यापक होते. पांढरे केस, संथ आवाज. त्यांना पाहिलं आणि मला तिचं 'मोठं मानूस' आठवलं. ते येताच ही उठून उभी राहिली आणि वाकून नमस्कार केला. सगळे हसले.

अवघड प्रश्नांना मधे बझर दाबायची कोणाचीच छाती नव्हती, म्हणून आम्ही टिकलो. शेवटच्या प्रश्नाला आम्ही आणि शहरातली एक शाळा बरोबरीत होतो.

"वेळवंडी नदीवर..." एवढं म्हणून सर चष्मा नीट करू लागले.

अहो, वेळवंडीवर दुसरं आहे काय! जे पाणी ती रोज दारातून बघते, तेच सर विचारत होते. तिचा चेहरा फुलला. बोट बझरवर होतं. मुलगे टेबलाखालून तिला गुडघे मारत होते. तिसऱ्या रांगेत मी खुर्चीचा हात अंगठ्याने दाबत होतो. शिक्षकांनी बोलायचं नाही, असा नियम होता.

"...ब्रिटिश काळात बांधलेलं..."

बझर वाजला. पलीकडचा.

"भाटघर धरण," तिकडचा मुलगा म्हणाला. टाळ्या झाल्या.

एसटी हायवे सोडून भोरकडे वळली. तेव्हा ती म्हणाली, "सर, त्यांचं बोलनं झालंच न्हवतं." रागवायचं बाजूलाच राहिलं, मला रडू आलं. मी खिडकीकडे तोंड केलं.

रविवारी वाडीवर गेलो. "आबा, जिल्ह्यात दुसरी म्हणजे थोडंथोडकं नाही."

"म्या पयली म्हनलं व्हतं, सर."

मी विनवलं, फीचं बघतो म्हणालो, एसटीच्या पासचं सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग आपलं सुरू केलं. बिबट्याने नेलेली शेळी, स्वतःचे गुडघे, माणसं मिळत नाहीत. यातलं खोटं काहीच नव्हतं. ती दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. बोल ना गं, एकदा तरी मधे बोल, असं मी मनात म्हणत राहिलो. म्हाताऱ्याचं बोलणं संपलं, तसा तो काठी घेऊन शेरडांकडे निघूनही गेला.

दहावीला ती शाळेत पहिली आली. बाकीची मुलं दाखले घेऊन गेली. अकरावीच्या प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी तिचा दाखला पुढ्यात घेऊन मी ऑफिसात बसलो होतो. ऑफिस बंद करायची वेळ झाली, तरी डोंगराच्या वाटेने कोणी उतरलं नाही. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात मी क्लार्ककडून आधीच लिहून घेतलं होतं: 'पुढील शिक्षणासाठी.'