अख्ख्या कब्रस्तानाचा फोटो

अम्मीनं माझ्याकडे आयुष्यात फारसं काही मागितलं नाही. मागितलं तेव्हा अख्खं कब्रस्तान मागितलं.

राजुऱ्याजवळच्या आमच्या जुन्या गावात कोळशाची खाण सरकत आली होती. घरं उठली, आम्हीही राजुऱ्याला आलो. गावाबाहेरचं कब्रस्तान तेवढं उरलं होतं आणि तेही जाणार हे ठरलेलं होतं. अब्बा तिथे आहेत. ते पिंजारी होते, पंचक्रोशीतल्या गाद्यांचा कापूस पिंजायचे. मी शाळेत असतानाच गेले. आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत, त्यामुळे अम्मीनं त्यांची कबर कधीच पाहिली नव्हती. ईदला मी जाऊन आलो की ती विचारायची, गवत काढलं का, पाणी शिंपडलं का. माझ्या उत्तरावर तिचं भागायचं. जागाच जाणार म्हटल्यावर भागेना.

"एकट्या त्यायची कबर नको काढू," ती म्हणाली. "बाजूले कोन हाये, सासूबाई किती दूर हायेत, लिंबाचं झाड कुठी हाये, सारं दिसलं पाह्यजे. मंग माह्या जीवाले बरं वाटन."

मी मोबाईल पुढे केला तर तिनं हात झटकला. "त्याच्यात बोट लावलं का फोटो पळून जाते. मले कागदावर पाह्यजे."

खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. चंद्रपूरला एका बंद पडत चाललेल्या स्टुडिओतून मी नुकताच एक जुना रोलचा कॅमेरा उचलला होता. प्लास्टिकचा, हलका, स्वस्तात मिळालेला. त्याला मागे एक बटण होतं, पॅनोरमाचं. दुकानदार म्हणाला होता, "बटन सरकवा भाऊ, पूर्ण किल्ला मावते एका फोटोत." बायको म्हणाली, घरात एवढे मोबाईल असताना हे खूळ कशाला. आता खुळाला काम मिळालं होतं आणि मी तोऱ्यात निघालो.

तिथे पोचल्यावर तोरा उतरला. गावाच्या जागी नुसते चौथरे होते. पलीकडे खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर उभा होता आणि त्याची काळी धूळ कबरींवर बसली होती. मी फातेहा पढलो, गवत काढलं. मग सगळं मावावं म्हणून कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. अब्बांची कबर त्याच कोपऱ्यात आहे. ती अगदी पुढे, मोठी दिसेल अशी घेतली. तिच्यामागे बाकीच्या कबरी, दादीची कबर, लिंब, पडकी भिंत. कॅमेऱ्याच्या खिडकीतून सगळं नीट दिसत होतं. बटण सरकवलं आणि रोल संपेपर्यंत तोच फोटो काढत राहिलो.

रोल नागपूरला पाठवला. तिथला माणूस पुरेसे रोल जमल्याशिवाय ते धुवायची औषधं कालवत नाही. अम्मी रोज विचारायची, "आला का?" मी म्हणायचो, येईल. पावसाळा उलटला तेव्हा पाकीट आलं.

फोटो लांबलचक होते, पट्टीसारखे. लिंबाचा बुंधा होता, शेंडा नव्हता. भिंत होती. दादी होती. अब्बा नव्हते. सगळे फोटो पुन्हा पुन्हा उलटेपालटे केले, कशातच नव्हते. मग कॅमेरा मागून उघडून बटण सरकवून पाहिलं. आत वरून एक आणि खालून एक अशा दोन काळ्या पट्ट्या पुढे आल्या. त्या बटणानं काही रुंद होत नव्हतं, नुसतं वरचं आणि खालचं कापलं जात होतं. खिडकीतही तशाच पट्ट्या यायला हव्या होत्या. माझ्या कॅमेऱ्यात त्या अडकून बसल्या होत्या, म्हणून मला सगळं दिसत राहिलं. दुकानदाराला शिव्या दिल्या, त्या डबड्यालाही दिल्या, आणि तसाच गाडी काढून गावाकडे निघालो. या वेळी मोबाईल घेऊन.

रस्त्यावर आडवी तार लागली होती. तारेपलीकडे लिंब दिसेना, भिंतही दिसेना. मातीचा डोंगर कब्रस्तानावर येऊन बसला होता. पहारेकरी ओळखीचा निघाला, आमच्याच बाजूच्या गावचा. हळूच म्हणाला, "आता काय पाह्यतं भाऊ, इथी काईच नाई राह्यलं." मी त्याच्याशी भांडलोसुद्धा नाही.

घरी अम्मी खाटेवर वाट पाहत बसली होती. तिला सगळं सांगितलं. तिनं चष्मा लावला, फोटो चादरीवर ठेवला आणि बोट फिरवायला लागली. लिंब ओळखला. मी दादी दाखवली. दादीच्या बाजूला गावातल्या मास्तरची आई आहे म्हटल्यावर तिला बरं वाटलं, दोघींचं जमायचं म्हणाली.

"अन् हे कुठी असते मंग?" तिनं विचारलं.

मी फोटोची खालची कड सोडून बोट खाली आणलं आणि चादरीवर टेकवलं. "इथं."

तिनं माझं बोट बाजूला सारून तिथे तळहात ठेवला.  मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "इतक्या जवळ उभा होता तू? पाय तर नाई ना पडला त्यायच्यावर?"

नाही अम्मी, म्हणालो, आणि मला रडू आवरेना.