आंजीची पेट्रा

तुम्ही परवा फोनवर विचारलंत, की वर्ध्याजवळच्या आंजीत, किराणा दुकानदाराच्या घरात जन्मलेल्या माझ्या भाचीचं नाव पेट्रा कसं? तुम्हाला वाटलं, आमच्यात कोणी साहेब होऊन गेला असावा. कोणी नव्हता. क्रमाने सांगते.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते आणि मला नागपूरला कॉलेजात जायचं होतं. बाबा हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. विषय काढला की तराजू पुसायला घ्यायचे. त्याच उन्हाळ्यात वहिनीला मुलगी झाली. आधीची दोन बाळं राहिली नव्हती, म्हणून या वेळी सगळं पत्रिकेप्रमाणे करायचं ठरलं. जोशीबुवांनी पंचांग पाहून सांगितलं, चित्रा नक्षत्र, पहिला चरण, नावाचं अक्षर ‘पे’.

‘पे’वरून मुलीचं नाव शोधून पाहा. आमचं सगळं घर कित्येक दिवस तेच करत होतं. प्रेमा सुचलं, पण ते आईचं माहेरचं नाव. उद्या वहिनी ते नाव घेऊन रागावणार आणि मी मुकाट ऐकणार, असं म्हणून आईने ते बाद केलं. दादाने ‘पेढा’ सुचवलं आणि आजीची बोलणी खाल्ली.

नाव ठेवण्याचा मान आत्याचा, म्हणजे माझा. बारशाच्या दोन दिवस आधी बाबा म्हणाले, “एवढं इंग्रजी शिकली, अन् एक नाव सापडून नाई राह्यलं तुले?”

“सापडलं तर नागपूरले पाठवाल?”

बाबांनी तराजू खाली ठेवला. “सगळ्यायले पसंत पडलं तर पाठवतो.”

दुसऱ्या दिवशी मी मोटारीने वर्ध्याला, आमच्या इंग्रजीच्या गुरुजींकडे गेले. त्यांच्या जाडजूड शब्दकोशाच्या शेवटी माणसांच्या नावांची यादी होती, अर्थासकट. ‘पे’ची तीनच निघाली. एक हाक मारेपर्यंत मूल पळून जाईल इतकं लांब, दुसरं नुसतं टोपणनाव. तिसरं पेट्रा. मूळ ग्रीक. अर्थ, दगड.

मी नाव तेवढं घरी आणलं, अर्थ शब्दकोशातच ठेवला. पण निघताना गुरुजींना बारशाचं आमंत्रण देऊन बसले, हा माझा मूर्खपणा.

बारशाला बायकांनी पाठीत गुद्दे घातले आणि मी बाळाच्या कानात पेट्रा म्हटलं. शेजारच्या काकूंनी ही पेट्रोलची बहीण का, असं विचारून घेतलं. वहिनीला मात्र नाव आवडलं. अर्थ काय, असं आजीने विचारलं तेव्हा मी म्हणाले, स्थिर. अगदीच खोटं नव्हतं.

ओसरीवर घुगऱ्या खात बसलेल्या गुरुजींना ते ऐकू गेलं. विद्यार्थिनीची चूक राहू देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते आत डोकावून म्हणाले, “स्थिर नव्हे. पेट्रा म्हणजे दगड. आपण दोघांनी पाहिलं की.”

वहिनीने बाळाला पोटाशी ओढलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि नागपूरची गाडी मला न घेता सुटलेली मला दिसली.

आजी पाळण्याशेजारून उठली. दगड म्हणजे धोंडाच ना, असं तिने गुरुजींना विचारलं. ते हो म्हणाले. मग ती वहिनीकडे वळली.

“मी पह्यल्या दिवसापासून सांगून राह्यली, पोरीले धोंडी म्हणा. धोंड्याले नजर लागत नाई, अन् त्याले कोणी उचलून नेत नाई. तुले लाज वाटे. आता म्हण इंग्रजीतून.”

मुलं जगत नसत त्या घरात तेव्हा अशी नावं ठेवत, दृष्ट लागू नये म्हणून. वहिनी सातवी पास; धोंडी म्हणायला तिने साफ नकार दिला होता, हे मला त्या क्षणी कळलं. तिने बाळाला परत पाळण्यात ठेवलं.

“पेट्रा चालेल,” ती म्हणाली. “पण धोंडी कोणी म्हणायचं नाही.”

वहिनी विहिरीवर गेली की आजी धोंडीच म्हणायची.

कॉलेज उघडलं तेव्हा बाबा ट्रंक घेऊन मला नागपूरला सोडायला आले. वसतिगृहाच्या फाटकाशी म्हणाले, “शब्दाचा अर्थ कोणी विचारला तर पुरा सांगत जाजो. या खेपेले आजीनं वाचवलं तुले.”

मग ट्रंक माझ्या पायाशी ठेवून ते परतीच्या गाडीची चौकशी करायला गेले.